पुलापलीकडं सस्तं मिळतं

आमच्या गावात कुठल्याही वस्तूला दोन भाव असतात. एक पैनगंगेच्या अलीकडचा, एक पलीकडचा. अलीकडं तेलंगणा, पलीकडं महाराष्ट्र, मध्ये पूल. गाडीत तेल कुठल्या काठावर भरायचं, सोयाबीन कुठल्या काठावर घालायचं, लग्नाचं लुगडं कुठं घ्यायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. माझा बाप सांगायचा, निजामाच्या वेळी नदीवर करोडगिरीचा नाका होता आणि गुळाच्या भेलीवरही जकात पडायची. नाक्याचं नाव निघालं की त्याचा आवाज बारीक व्हायचा. मी म्हणायचो, काय भित्रा माणूस. तो नाका मी पाहिलेला नाही. मी जन्मभर तो पूल ओसरीतून अंगणात उतरावं तसा ओलांडला.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यावर शिकलेले लोक हसतात. हसोत. मी चौथीपर्यंत शिकलो आणि जैनथकडं बी-बियाणं नि खताचं दुकान एकट्यानं उभं केलं. बियाण्याच्या कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सिंगापूर दाखवायचं काढलं, त्यात माझं नाव आलं, ते कोणाच्या शिफारशीनं नाही. माझा खर्च कंपनीचा. बायकोला न्यायचं असेल तर तिचा खर्च आपला. मी म्हटलं, नेतो. आणि मनात ठरवलं की तिच्यावर जो पैसा लागेल त्यातला होईल तेवढा तिकडं वाचवून परत आणीन.

निघताना गावानं आम्हाला काशीला निघाल्यासारखं वाटेला लावलं. हार घातले, बसच्या चाकापाशी नारळ फोडला आणि घराघरातल्या बायांनी माझ्या बायकोच्या हातात वाटखर्चाची नोट कोंबली. नोट दहाची असो की पन्नासची, ती घेतली की त्या घरी प्रसाद पोचवावा लागतो, ही आमच्याकडची रीत. काशीहून गंगेचं पाणी आणता येतं. सिंगापूरहून काय आणायचं, हे मला विमानात बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

तिथं गेल्यावर मी हात आखडूनच राहिलो. फोनचं परदेशी रिचार्ज मी केलंच नाही. दोघं जागचे जागी, फोन कोणाला करायचा? पाणी बाहेर दुधापेक्षा महाग, म्हणून हॉटेलातल्या नळाचं बाटलीत भरून न्यायचं. दुपारी बायकोनं आणलेले धपाटे आणि तिळाची चटणी खायची. खोलीत रोज नवी साबणाची वडी ठेवत, कागदात गुंडाळलेली. ती मी सकाळी बंडीच्या खिशात टाकायचो. घरी नेली तर वर्षभर पाहुण्यांना पुरेल. बंडीच्या आतल्या खिशात दोघांचे पासपोर्ट, वरून सेफ्टी पिन. कागदपत्रं बाईमाणसाकडं द्यायची आमच्यात चाल नाही.

आमच्याबरोबर हैदराबादची एक गाईड पोरगी होती. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना गळ्यात घालायला पट्ट्या दिल्या, त्यावर हॉटेलचं नाव नि तिचा नंबर. बायकोनं लगेच घातली. मी म्हटलं, मी काय शाळेतलं पोरगं हावो का? पट्टी खोलीतल्या खुंटीला टांगून ठेवली.

बायकोला तिकडं बाकी कशाची भीती वाटली नाही, फक्त सरकत्या जिन्याची. विमानतळावर ती त्याच्या तोंडाशी अशी थबकली की मागची माणसं तिच्यावर येऊन आदळली. "तो दात खाते बाप्पा, लुगडं ओढून घेईन," म्हणाली. मग जिथं जिथं तो जिना आला तिथं आम्ही साधा जिना शोधत फिरायचो आणि बाकीची टोळी वर उभी राहून आमच्याकडं पाहायची.

शेवटच्या आधीचा दिवस मोकळा होता. सकाळी नाश्त्याला टोळीतला बेल्लमपल्लीचा एक दुकानदार माझ्या टेबलाशी येऊन बसला. मोठ्या तोंडाचा माणूस.

"काय दादा, गावाले काय नेता? का साबनच वाटता?"

त्यानं मला वड्या उचलताना पाहिलं होतं.

"इथं काही घेऊ नका," तो म्हणाला. "इथून बस जाते पुलावरून. पलीकडं मलेशिया. सारा माल निम्म्या भावात. इथले लोकबी तिकडंच बजार करते. मी मागच्या खेपेले जाऊन आलो."

पूल, पलीकडं, निम्म्या भावात. हे शब्द मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बायकोचा गुडघा आदल्या दिवशी चालून सुजला होता. मी तिला म्हटलं, "तू पडून राय. मी पुलापलीकडं जाऊन येतो. दोघायचं बसभाडं कायले?"

"केवढ्या वेळात येता?"

"दुपारच्या जेवनाले."

मी विचारत विचारत बस धरली. सिंगापूरच्या नाक्यावर उतरवून आत नेलं, काचेच्या खिडकीत पासपोर्ट दाखवला, यंत्रावर अंगठा ठेवला आणि सोडलं. शिक्काबिक्का काही मारला नाही. मी मनात म्हटलं, शिक्का नाही म्हणजे काही झालंच नाही. आमच्या पुलासारखंच आहे हे.

पुढं मलेशियाच्या नाक्यावर पहिल्यांदा मी अडलो. रांगेतला प्रत्येक माणूस हातातल्या फोनवर काहीतरी भरत होता. माझ्या फोनला बटणं. मागं उभ्या माणसानं मला ओळखलं, चेहऱ्यावरून की बंडीवरून ठाऊक नाही, आणि तेलुगूत विचारलं, "पेद्दय्या, कुठले तुम्ही?" त्यांच्यात म्हाताऱ्या माणसाला पेद्दय्या म्हणतात. तो करीमनगरकडचा, तिथं वेल्डिंगचं काम करणारा, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. परदेशात तेलुगू ऐकून मला मायबोली ऐकल्यासारखं झालं. त्यानं माझा अर्ज आपल्या फोनवर भरून दिला. भरता भरता विचारलं, "मलेशियात आपल्याला व्हिसा लागत नाही, पण परत जायचा आहे ना? सिंगापूरचा दुसऱ्यांदा आत यायचा?"

मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कागद सारे कंपनीनं केले होते. पण तो माझ्याकडं असं पाहत होता की, माहीत नाही म्हणणं मला जमलं नाही.

"आहे ना," मी म्हटलं.

तो निघून गेला. मी पलीकडं उतरलो आणि बाजार केला. मलमाच्या छोट्या कुप्या खरंच निम्म्या भावात. वाटखर्च दिलेल्या प्रत्येक घराला एक अशी धरून पिशवी भरली. मला वाटलं, बेल्लमपल्लीवाल्याला आता दाखवतो. त्या एका तासात मी जेवढा खूश होतो तेवढा त्या सगळ्या सफरीत नव्हतो.

परतीच्या बसमध्ये दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये पूल. उतरून पुन्हा सिंगापूरची काचेची खिडकी. आतल्या बाईनं माझा पासपोर्ट यंत्रावर ठेवला आणि पडद्याकडं पाहत राहिली. माझ्या मागचे लोक दुसऱ्या रांगेत सरकू लागले. ती काही बोलली. मला त्यातलं "वन टाईम" आणि "फिनिश" एवढंच कळलं. मग तिनं बोटानं कोणाला तरी खुणावलं.

एक शिपाई आला आणि मला एका खोलीत घेऊन गेला. खोलीत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, जमिनीला ठोकलेल्या. आणखी काही माणसं मान खाली घालून बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझा पासपोर्ट माझ्या हातात नव्हता, तेवढंच मला लख्ख कळत होतं. तहान लागली होती. नळाच्या पाण्याची बाटली पिशवीत होती, पण इथं पाणी प्यायलं तर चालतं की नाही, हे कोणाला विचारायचं? मला बापाचा तो बारीक आवाज आठवला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो भित्रा वाटला नाही.

मला आत बोलावलं. टेबलापलीकडचा साहेब थोडी हिंदी बोलणारा निघाला.

"चाचा, आपका वीज़ा एक ही बार का था. आप बाहर चले गये. अब अंदर नहीं आ सकते."

"साहब, मैं बाहर कहाँ गया? पुल पे गया. बाज़ार करने."

"पुल के उस पार दूसरा देश है."

"वो तो मालूम है. मगर मैं वापस आया ना."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मी भांडलो असतो, भांडता मला येतं. तो शांत होता, आणि शांत माणसाशी भांडता येत नाही. त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली. कुप्या टेबलभर घरंगळल्या. "इतना क्या है?" मी एक कुपी उघडून आपल्याच कपाळाला चोळून दाखवली. डोळ्यांत गेलं, पाणी आलं. त्याला वाटलं असेल म्हातारा रडतो आहे. रडत नव्हतो.

मग त्यानं खिसे रिकामे करायला सांगितले. मी सेफ्टी पिन काढली आणि बायकोचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्यानं फोटो पाहिला, माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"ये औरत कहाँ है?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा मला समजलं की मी काय करून बसलो होतो. ती काचेच्या खिडकीच्या त्या बाजूला. तिचा कागद माझ्याजवळ, या बाजूला. तिला वाचता येत नाही, तिच्याजवळ फोन नाही, दाराला चावी नाही, कार्ड आहे, आणि ते तिला लावता येत नाही. मी आत जाऊ शकत नाही, आणि ती या कागदाशिवाय बाहेर निघू शकत नाही. सकाळी सगळी टोळी विमानात बसेल. जेवायला येतो म्हणून सांगून आलो होतो. ती बराच वेळ वाट पाहील आणि मग मला शोधायला रस्त्यावर उतरेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा आदिलाबादच्या बाजारात चुकामूक झाली तेव्हा ती अशीच निघाली होती, आणि सापडली ती गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगपाशी. इथं ती निघाली आणि कोण्या पोलिसानं कागद मागितला तर?

"होटल में है साहब."

"कौन सा होटल?"

नाव आठवेना. इंग्रजी नाव होतं, लांबलचक. मी रोज त्या दारातून आत-बाहेर केलं, वर पाहिलं नाही कधी. पट्टीवर लिहिलं होतं. पट्टी खुंटीला.

"फोन नंबर? ग्रुप का नाम?"

नंबरही पट्टीवरच. साहेबानं लिहायचं थांबवलं आणि शेजारच्या बाईशी हळू आवाजात काही बोलला. दोघांनी बायकोचा फोटो पुन्हा पाहिला. त्यांच्या मनात काय येत होतं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. म्हातारा एका बाईचा पासपोर्ट घेऊन देशाबाहेर गेला, आणि बाई कुठं आहे ते सांगता येत नाही. माझ्या बोटांना मलम चिकटलं होतं. मी ते बंडीला पुसायला गेलो तेव्हा खालच्या खिशात काहीतरी टणक लागलं.

सकाळची साबणाची वडी.

मी ती साहेबासमोर ठेवली. त्याला वाटलं मी लाच देतो आहे. तो मागं सरकला. मी कागदावरच्या छापील अक्षरांवर बोट ठेवलं. "होटल. ये होटल." त्यानं वडी उचलली, वाचली, आणि फोनकडं हात नेला.

बराच वेळ तो फोनवर बोलला. शेवटी रिसीव्हर माझ्याकडं केला. पलीकडून पहिल्यांदा गाईड पोरगी बोलली, रडकुंडीला आलेली, आणि मग बायकोचा आवाज.

"अवो, कुटं हा तुमी?"

"पुलापाशी," म्हटलं.

"कवाची इथं खाली दारवानापाशी बसली हावो मी. वर खोलीत जीव लागेना."

"जेवली का?"

"तुमी आल्याशिवाय जेवली का कदी?"

मी तिला सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण सांगितलं. मला आत घेत नाहीत, साहेब म्हणतो मलेशियात परत जा, मी तिकडूनच दुसऱ्या विमानानं येतो, तू टोळीसंगं उद्याच्या विमानानं निघून जा.

"माहा पासपोर्ट कोनापाशी हाय?"

"माह्यापाशी."

"दोनी?"

"दोनी."

"मंग मी जाऊ कशी? उडत?"

साहेबानं तोड काढली. गाईडनं तिला नाक्यापर्यंत आणायचं, पासपोर्ट तिच्या हातात द्यायचा, आणि ती परत हॉटेलात जाईल. मला उलट्या बसनं मलेशियात जायचं होतं. एक अंमलदार बाई पासपोर्ट न्यायला आली. मी तो तिच्या हातात दिला, पण बोटं लवकर सुटेनात. ती "ओके, ओके" म्हणाली आणि हळूच ओढून घेतला. एवढ्या मोठ्या इमारतीत हा कागद वाटेत कुठं ठेवला गेला तर? माझ्या खिशातून बाहेर गेलेला कागद मी कधी सुखरूप परत आलेला पाहिला नव्हता.

मला खाली बसच्या थांब्यावर आणून सोडलं. माझा पासपोर्ट परत दिला आणि कुप्याही, सगळ्या. थांब्यावर बस लागली, माणसं चढली, बस गेली. मी चढलो नाही. दुसरी आली. शिपायानं हातानं जा म्हणून खूण केली. मी पायातली चप्पल काढून पुन्हा घातली, पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. वरून लोक सरकत्या जिन्यानं खाली येत होते, न संपणारे. ती आता नाक्यावर आली असेल का? तिला कागद मिळाला असेल का? इथून काही दिसत नव्हतं. माझ्याजवळ तिला विचारायचं काहीच साधन नव्हतं. ते साधन मी हैदराबादेत पैसे वाचवून मागं ठेवून आलो होतो.

आणि मग जिन्यावर हिरवं लुगडं दिसलं.

ती एकटी होती. दोन्ही हातांनी एकाच बाजूचा कठडा धरलेला, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत खोचलेला, डोळे गच्च मिटलेले. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असेल. मागचा गोरा माणूस तिच्यापासून दोन पायऱ्या दूर, हात पुढं धरून उभा, जणू ती पडली तर झेलायची. जिना संपला तशी तिनं उडी मारली. उडीच म्हणावी लागेल. मग डोळे उघडून इकडंतिकडं पाहिलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

ती जवळ आली आणि मला खालून वरपर्यंत पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं.

"कपाळाले काय लागलं?"

"मलम हाय. तू इकडं काऊन आली? तुहं विमान तिकडून हाय उद्या."

"तिकडं कोनासंगं बसू? त्या बेल्लमपल्लीवाल्यासंगं?"

"तिकीट वाया जाईन."

"जाऊ द्या."

"गाईडनं येऊ देलं?"

"लय नाई म्हने. मी म्हटलं, माह्या हातात माहा कागद हाय, मले जाऊ द्या. त्या खिडकीतल्या बाईनं सोडलं. ती पोरगी तिथूनच रडत हात हालवून राह्यली."

मी पासपोर्टसाठी हात पुढं केला, सवयीनं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, कमरेची पिशवी सोडली, पासपोर्ट आत टाकला आणि नाडी ओढून दोन गाठी मारल्या. मी हात मागं घेतला.

बस आली. आम्ही खिडकीपाशी बसलो. पुन्हा तोच पूल. पुढं अजून एक खिडकी होती, अजून एक पडदा, पुन्हा कोणी बोटानं खुणावेल का याचा भरवसा नव्हता. आणि तिचा अर्ज फोनवर कोण भरून देणार, हेही ठाऊक नव्हतं. विमानाची नवी तिकिटं, रात्रीची खोली. वाचवलेलं सगळं तिथंच जाणार होतं आणि वर आणखी लागणार होतं. तरी चूक माझी होती असं मी आजही म्हणत नाही. दोन काठ आणि एक पूल असला की माणूस पलीकडं जाणारच.

ती पाण्याकडं पाहत होती.

"इकडं सस्तं हाय म्हन्ता?"

"निम्म्या भावात."

"मंग उतरल्यावर काही खायाले घ्या. दोघायसाठी."

"घेतो."

जरा वेळानं तिनं माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. आतल्या कुप्या एकमेकींवर बारीक वाजत होत्या, आणि बस तर थांबलेली होती.

"हात काऊन कापून राह्यले?"

"एसी लय हाय," मी म्हटलं.

तिनं लुगड्याचा पदर माझ्या हातांवर टाकला.